उल्हासचे दोन हिशेब

टेमघर म्हटले की पुणेकराला मुठा नदीवरचे धरण आठवते. मी सांगतो आहे ते टेमघर निराळे. कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीकडे निघालात, की शहरात शिरता शिरता ते लागते. इथे ना डोंगर, ना धरण. आहे ते पाणी शुद्ध करण्याचे केंद्र, आणि आसपास यंत्रमागांचा खडखडाट.

उल्हास नदीचे पाणी शहाडला उचलून इथे आणतात, आणि शुद्ध करून भिवंडी, ठाणे, मीरा-भाईंदरकडे धाडतात. दुर्गाडीपाशी खाडी आहे, खारे पाणी चढते. म्हणून नदीला वरच गाठावे लागते.

पण भर वैशाखात नदीला पाणी येते कुठून? एक वाटा बारवी धरणाचा. दुसऱ्याची कथा मोठी गमतीची. मावळातली आंद्रा नदी इंद्रायणीवाटे भीमेला मिळणारी. टाटांनी ती ठोकरवाडीला अडवली आणि 1922 साली तिचे पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात उतरवले. तिथली चक्रे फिरवून ते उल्हासात पडते. बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी असे टेमघरच्या वाटेला लागते!

हा झाला उन्हाळ्याचा हिशेब. पावसाळ्याचा निराळा. 26 जुलै 2005 ला याच उल्हासने काठची गावे बुडवली. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. हजारावर उतारूंना होड्यांतून बाहेर काढावे लागले.

खरी मेख इथेच आहे. नळासाठी धरण भरलेले हवे, पुरासाठी रिकामे. एकाच भांड्याकडून दोन्ही कामे पुरती होत नाहीत. म्हणून उरलेले काम काठच्या मोकळ्या जमिनीने करायचे असते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखतात ती याचसाठी. नकाशावर रेषा राहते. काठावर मात्र भराव पडतो, इमारत चढते. मग नदी आपली जागा घरांत शिरून शोधते.

टेमघरच्या नाक्यावर चहा घेताना टपरीवाल्याला पाण्याचे विचारले. तो म्हणाला, "उन्हाळ्यात नळाखाली हंडा लावून जागतो, साहेब, अन् पावसाळ्यात तोच हंडा माळ्यावर ठेवून जागतो."

दोन जागरणे, पण नदी एकच. तिचा हिशेबही एकाच वहीत मांडायला हवा.