उन्हावर शेकणारी शाळा

लेह शहरातून सिंधू नदीच्या कडेकडेनं निघालं, की अठराएक किलोमीटरवर फे नावाचं छोटंसं गाव लागतं. चहूकडे उघडेबोडके डोंगर. झाडं म्हणाल तर पाण्याकाठची वाळुंज आणि पॉपलर, तेवढीच. इथेच ‘सेकमोल’ या संस्थेच्या मातीच्या इमारती आहेत. सोनम वांगचुक आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८८ मध्ये ही संस्था काढली. दहावीत नापास झालेली मुलंमुली इथे राहून शिकू लागली. नापासांची शाळा म्हणून हसू नका हं! या इमारती उभारताना त्या मुलांनीही माती कुटली आहे.

आता जानेवारीतली रात्र डोळ्यांसमोर आणा. पारा शून्याखाली पंधरा-वीस अंश. लडाखच्या घराघरांत अशा वेळी बुखारी, म्हणजे धुराडं असलेली लोखंडी शेगडी, पेटते. पण तिच्यात जाळायचं काय? लाकूड मिळणं कठीण. वाळलेलं शेण जाळलं, तर शेताला खत कुठून आणायचं? रॉकेल आणि कोळसा खालून घाट चढून येणार. विजेचा हीटर लावावा, तर तिथेही पंचाईत! लडाखची स्थानिक वीज मुख्यतः नद्यांच्या पाण्यावर तयार होते, आणि हिवाळ्यात हे पाणी गोठून कमी होतं. म्हणजे विजेची गरज सगळ्यात जास्त असते, नेमकी तेव्हाच वीज कमी! २०१९ मध्ये श्रीनगरहून लेहपर्यंत मोठी वीजवाहिनी आली खरी. पण सगळ्यांनी एकदम हीटर लावले, तर तो भार दूरच्या वीजकेंद्रांवर पडणार, आणि आपल्या देशातली बरीचशी वीज अजून कोळसा जाळूनच होते.

फेच्या शाळेनं ही मागणीच कमी करून टाकली. कशी? लडाखात पाऊस नावापुरता, ऊन मात्र भरपूर. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून, खालून खालून जातो; डिसेंबरात भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर असतो. म्हणून इमारतींची तोंडं दक्षिणेला, आणि त्या बाजूला मोठमोठ्या काचा. ऊन थेट खोलीत शिरतं, जमिनीवर आणि जाड भिंतींवर पडतं. या भिंती ओलसर माती फळ्यांच्या साच्यात घालून, धुमसानं ठोकून केलेल्या. त्या दिवसभर ऊब पीत बसतात आणि रात्री सावकाश सोडतात. आपल्याकडे उन्हात तापलेला दगड संध्याकाळीही गरम लागतो ना, तसंच. बाहेरच्या बाजूनं ऊब पळू नये म्हणून गवत, लाकडाचा भुसा असल्या साध्यासुध्या वस्तूंचा थर. जणू गोधडीच! बाहेर शून्याखाली पंधरा अंश असताना आत चौदा-पंधरा अंश राहतात, तेही बुखारी न पेटवता.

या मातीच्या बांधकामाला २०१६ मध्ये फ्रान्समधल्या लिआँ शहरात ‘टेरा’ पुरस्कार मिळाला. आणि इकडे लेहमध्ये मात्र सिमेंटची पातळ भिंतींची घरं वाढत चालली आहेत! ती दिसतात झकपक, पण ऊब धरत नाहीत. मग हीटर आलाच.

उन्हाळ्यात या काचांमुळे मुलं भाजून निघत असतील, असं वाटलं ना? नाही. जूनमध्ये सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या काचांवर ऊन तिरपं, निसटतं पडतं. शिवाय हिवाळ्यात इमारतीला लागून प्लास्टिकच्या कागदाचं हरितगृह उभारतात. त्यातली गरम हवा खोल्यांत येते आणि आत पालेभाजीही पिकते. थंडी सरली, की मुलं तो कागद उतरवून गुंडाळून ठेवतात, थेट पुढच्या हिवाळ्यापर्यंत.