पिशवीतल्या बाटल्या

माझ्या नणंदेनं न्यू जर्सीहून येताना माझ्यासाठी अश्वगंधाच्या कॅप्सुलची बाटली आणली. "रात्री झोपताना घेत जा, महिन्याभरात माणसात येशील," वन्सं म्हणाल्या. माणसात यायचंच होतं मला. सत्तेचाळिशी उलटली आणि पाळी कधी दोन-दोन महिने यायचीच नाही, आली की थांबायचं नाव घ्यायची नाही. सांगलीतला एप्रिल, सकाळची शाळा, आणि फळ्यावर गणित लिहिता लिहिता छातीपासून कानांपर्यंत एकदम आग चढत जायची. ब्लाउज पाठीला चिकटायचा. मागे वळून मुलांकडे बघायचीही लाज वाटायची. पहाटे तीनला टक्क जाग यायची, ती पुन्हा झोप नाहीच. पण या सगळ्यापेक्षा वाईट होता तो राग. आमटीत मीठ कमी आहे एवढंच लेक म्हणाला, तर मी भरल्या ताटावरून उठून आत गेले आणि ओट्याला टेकून रडले. ही कोण बाई, असं माझं मलाच वाटायचं.

झाडपाल्यावर माझा विश्वास आहे, आणि तो ऐकीव नाही. लेकाच्या वेळी बाळंतपणात आई सकाळ-संध्याकाळ दुधातून शतावरी कल्प द्यायची, त्या वेलदोड्याच्या वासानंसुद्धा अजून बरं वाटतं. शिवाय आमच्या जाऊबाई. मिरजेच्या एका वैद्यबाईंच्या सल्ल्यानं त्या अश्वगंधा घेत होत्या. रात्रभर तळमळणारी बाई शांत झोपायला लागली हे मी त्याच घरात राहून पाहिलेलं. म्हणून बाटली उघडण्याआधी त्याच वैद्यबाईंना दाखवावी असं ठरवलं. घरात होतं तेवढं सगळं पिशवीत भरलं: कॅप्सुल, कल्पाचा डबा, कॅल्शियम आणि माझी रोजची थायरॉइडची गोळी.

वैद्यबाईंनी ती सुंदर बाटली बाजूला सारली आणि थायरॉइडच्या गोळ्यांची पट्टी उचलली. "बाई, ही कधीपासून चालू आहे?" वर्षानुवर्षं, मी म्हटलं. "मग अश्वगंधा मी तुम्हाला देणार नाही."

मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. जाऊबाईंना चालते ती मला का नाही? मूळच तर आहे, आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या घेतात. त्यांनी न चिडता सगळं समजावून सांगितलं. अश्वगंधा काम करते, म्हणूनच ती जपून द्यायची. हैदराबादेत ६४ जणांवर झालेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, असा ६० दिवस घेतलेल्यांचा ताण आणि रक्तातलं कॉर्टिसोल कमी झालं. पुढे २०१८ साली थायरॉइड किंचित कमी असलेल्या ५० जणांवरचा अभ्यास आला. त्यात रोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं टीएसएच आठ आठवड्यांत खाली आलं, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक वाढलं. मी ते संप्रेरक गोळीतून आधीच घेत होते. वरून अश्वगंधाची भर पडली, तर शरीरात ते जास्त होऊ शकतं. आणि जास्त झालं की काय होतं? छातीत धडधड, घाम, झोप उडणं, चिडचिड. जे घालवायला मी आले होते, तेच. मग मी आणखी एक कॅप्सुल वाढवली असती, आणि दोष पाळीलाच दिला असता.

मग त्यांनी बाटलीचं लेबल वाचायला लावलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, मुळं आणि पानं यांचा अर्क. आपल्या आयुष मंत्रालयानं २०२१ साली औषध बनवणाऱ्यांना पानं वापरू नका, मुळंच वापरा, असं कळवलं होतं. डेन्मार्कनं तर २०२३ साली अश्वगंधावर बंदीच घातली. बंदी मला टोकाची वाटते. पण काही जणांच्या यकृताला तिच्यामुळे इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि ते बायकांना कोणी सांगत नाही याचा मला खरोखर संताप येतो. हळदी-कुंकवाला, भिशीला, शाळेच्या स्टाफरूममध्ये ही नावं सर्रास एकमेकींना सांगितली जातात. तुझं थायरॉइड आहे का, साखर आहे का, बीपीची गोळी आहे का, हे विचारतं कोण?

शतावरीला त्यांची ना नव्हती, पण कल्पाला होती. कल्पात बराचसा भाग साखरेचा, आणि माझी साखर काठावर. त्यांनी साधं चूर्ण दिलं आणि बजावलं, "याच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. इतकं अंगावर जातंय, रक्त तपासलंय का कधी?"

तपासलं. हिमोग्लोबिन ८.६. जिना चढताना लागणारी धाप, केस गळणं, वर्गात उभं राहवत नसणं, हे सगळं मी 'वय झालं' या खात्यावर टाकलं होतं. त्यातलं बरंच लोह कमी पडल्याचं होतं. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून गर्भाशयाचं अस्तर पाहिलं, रक्तस्राव आटोक्यात येण्याच्या गोळ्या दिल्या, लोह सुरू केलं. थायरॉइडच्या गोळीनंतर चार तास लोह नको, कॅल्शियमही नको. आणि लोहाबरोबर चहा तर अजिबात नको, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. हार्मोनच्या उपचाराचंही त्या बोलल्या. २००२ साली अमेरिकेतली मोठी चाचणी मध्येच थांबवली गेली आणि जगभर धास्ती पसरली. पण त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, पन्नाशीच्या आतबाहेरच्या निरोगी बाईचा हिशोब वेगळा असतो. मी अजून तो निर्णय घेतलेला नाही. दार उघडं आहे हे कळलं, एवढ्यानंही धीर आला.

आता झोप येते. आग अजून चढते, पण क्वचित. शतावरीचं दूध मी आवडीनं घेते. तिनं किती फरक पडला हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण लोह त्याच सुमारास सुरू झालं होतं, आणि पाळीच्या या दिवसांसाठी शतावरीवर झालेले अभ्यास थोडेच आहेत. वन्संना सगळं फोनवर सांगितलं. त्या स्वतः बीपीची गोळी घेतात. त्याही आपल्या तिथल्या डॉक्टरांना बाटली दाखवणार आहेत.

या दिवाळीनंतर जाऊबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. दवाखान्यातल्या फॉर्मवर 'सध्या चालू असलेली औषधं' या रकान्यात त्यांनी फक्त बीपीची गोळी लिहिली. "अश्वगंधा?" मी विचारलं. "अगं, ते काय औषध आहे का!" त्या म्हणाल्या. मी पेन घेतलं आणि खाली मात्रेसकट लिहिलं. दुसऱ्याच दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. तिनं गुंगी वाढू शकते, बीपीही खाली येऊ शकतं, तेव्हा शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधीपासून बंद ठेवा, म्हणाले. जाऊबाईंनी फोन ठेवला आणि मला विचारलं, "ते त्रिफळा पण सांगायचं होतं का गं?"