निकाल फुटला ती रात्र : ४ जानेवारी १९९९

सोमवार, ४ जानेवारी १९९९. अमेरिकेतील अटलांटा शहरातल्या जॉर्जिया डोममध्ये ३८ हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. ‘डब्ल्यूसीडब्ल्यू’ या कंपनीच्या ‘मंडे नायट्रो’ कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण चालू होते आणि समालोचनाला टोनी शियावोनी बसला होता. कार्यक्रमाच्या मध्येच त्याने प्रतिस्पर्धी वाहिनीचा विषय काढला. तिकडे वळण्याचा विचार असेल तर वळू नका, असे त्याने प्रेक्षकांना बजावले. तिकडचा कार्यक्रम आधीच चित्रित झालेला आहे. एके काळी आपल्याकडे कॅक्टस जॅक या नावाने खेळणारा मिक फोली आज तिकडे जगज्जेतेपद जिंकणार आहे. एवढे सांगून त्याने उपरोधाने पुस्ती जोडली, की आता हा गृहस्थ त्यांच्या खुर्च्या भरणार तर!

हे ऐकताच लाखो घरांतून वाहिनी बदलली गेली. पण शियावोनीला हवी होती त्याच्या नेमक्या उलट दिशेने. लोक नायट्रो सोडून फोलीला पाहायला गेले.

सामन्याचा निकाल कळला की सामना पाहण्यात राम उरत नाही, हा जगाचा साधा व्यवहार आहे. येथे तर निकाल कळला म्हणूनच लोक धावले. व्यावसायिक कुस्तीच्या इतिहासात विजेतेपदे शेकडो वेळा हातोहात फिरली. त्यांतील हे एक पंचवीस वर्षांनंतरही का सांगितले जाते, याचे उत्तर या उलट्या हिशेबात दडलेले आहे.

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या शाळकरी मुलांनी ही कुस्ती पत्त्यांवरून पाठ केली होती. कोणाची उंची किती, वजन किती, छातीचा घेर किती, यावर मधल्या सुट्टीत डाव रंगत. आणि डाव मोडला की वाद ठरलेला : हे सारे खरे की खोटे? वस्तुतः तो वाद तोवर निकालात निघालेला होता. १९८९ साली ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे स्वतःच कबूल केले होते, की आमच्या लढती म्हणजे स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. कारण तात्त्विक नव्हते, रोकडे होते : खेळ म्हणून गणले गेल्यास सरकारी क्रीडा-नियामकांचे निर्बंध आणि कर मागे लागत होते. पिढ्यान्‌पिढ्या मल्लांनी प्राणपणाने जपलेले गुपित अशा रीतीने कराच्या बचतीसाठी उघड्यावर आले.

तेव्हा १९९९ सालच्या जाणत्या प्रेक्षकाला निकाल आधी ठरतो हे ठाऊक होते. लढतीत कोण श्रेष्ठ, हा प्रश्न त्याच्या लेखी उरलाच नव्हता. कंपनीने कोणावर विश्वास टाकला, कोणाच्या हाती सोन्याचा पट्टा द्यायचे ठरवले, हा प्रश्न मात्र खराखुरा होता. त्या निर्णयामागे पैसा होता, राजकारण होते, मत्सर होता आणि क्वचित न्यायही होता.

दोन कंपन्यांमधले वैर त्या वेळी चौथ्या वर्षात होते. ४ सप्टेंबर १९९५ रोजी टेड टर्नर यांच्या डब्ल्यूसीडब्ल्यूने सोमवार रात्रीच नायट्रो सुरू केला, तो सरळसरळ व्हिन्स मॅकमॅहन यांच्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ‘रॉ’वर चाल करून. नायट्रो थेट दाखवला जाई. रॉचे बरेच भाग खर्च वाचवण्यासाठी आधी चित्रित केलेले असत. नायट्रोचा सूत्रधार एरिक बिशॉफ याने हा दुबळेपणा नेमका हेरला आणि त्याच सप्टेंबरात रॉचे निकाल आपल्या कार्यक्रमात आधीच जाहीर करून टाकले. हत्यार नवे होते आणि ते चालले. पुढे जवळपास दोन वर्षे प्रेक्षकसंख्येत नायट्रोने रॉला सलग मागे ठेवले. ती मालिका एप्रिल १९९८ मध्ये तुटली.

म्हणजे ४ जानेवारीला शियावोनीच्या तोंडून जे निघाले ते नवे नव्हते. जुनेच हत्यार होते. ते वाक्य बिशॉफच्या सूचनेवरून आपण उच्चारले, हे शियावोनीने नंतर सांगितले आहे. हत्यार तेच, नेम धरणारा तोच. बदलले होते ते फक्त नाव. या खेपेला ते मिक फोलीचे होते, आणि येथेच घोटाळा झाला.

फोली हा विजेत्याच्या कोणत्याही साच्यात बसणारा माणूस नव्हता. त्या काळचे विजेते पाषाणातून कोरल्यासारखे असत. हा ढेरपोट्या, विस्कटलेल्या केसांचा, समोरचे दात गमावलेला. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर तो वाढला. ऑक्टोबर १९८३ मध्ये महाविद्यालयात शिकत असताना वाटेतल्या गाड्यांना हात दाखवत तो मॅडिसन स्क्वेअर गार्डनला पोहोचला आणि तेथे जिमी स्नूका याने लोखंडी पिंजऱ्याच्या माथ्यावरून घेतलेली उडी त्याने पाहिली. आपल्याला हेच करायचे आहे, हे त्या रात्री त्याने ठरवले. डॉमिनिक डेनुची या जुन्या मल्लाकडे तो कुस्ती शिकला. त्यानंतरची त्याची सारी कारकीर्द म्हणजे एका अर्थी त्या उडीची किंमत हप्त्याहप्त्याने चुकवणे होते.

डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये कॅक्टस जॅक म्हणून खेळताना १९९३ साली व्हेडर नावाच्या धिप्पाड मल्लाने त्याला काँक्रीटवर आपटले. या दुखापतीतून एक गंभीर कथा उभी राहावी, अशी फोलीची इच्छा. कंपनीने त्यातून स्मृतिभ्रंशाचा हास्यास्पद फार्स काढला. पुढल्या वर्षी, मार्च १९९४ मध्ये, जर्मनीतील म्युनिक येथे त्याच व्हेडरशी लढताना रिंगच्या दोरांत त्याची मान अडकली आणि सुटण्याच्या धडपडीत उजव्या कानाचा मोठा भाग तुटून पडला. लढत तरीही पुढे चालू राहिली. कान गेला तो गेला. त्याचा कथेसाठी उपयोग करण्यातही कंपनीला रस नव्हता. त्याच वर्षी फोली तेथून बाहेर पडला.

१९९६ साली डब्ल्यूडब्ल्यूएफने त्याला ‘मॅनकाइंड’ केले : चामड्याचा मुखवटा घातलेला, तळघरातल्या अंधारात बडबडणारा एक भेसूर जीव. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्ग येथे अंडरटेकरने त्याला सुमारे सोळा फुटी पिंजऱ्याच्या छतावरून समालोचकांच्या मेजावर फेकले. स्ट्रेचरवरून उतरून तो पुन्हा वर चढला, तेव्हा छताची जाळी तुटून तो थेट रिंगमध्ये कोसळला. पहिली पडझड ठरवलेली होती, दुसरी नव्हती. त्या कोसळण्यात एक दात तुटून त्याच्या नाकपुडीत जाऊन बसला, आणि त्याही अवस्थेत तो कॅमेऱ्याकडे पाहून हसला. सोंग आणि खरे यांतली रेघ पुसली जाते ती अशी.

इतके सोसूनही तो विजेता होईल असे कोणाला वाटत नव्हते. लोकांचे त्याच्यावर प्रेम होते. पण ते नाटकातल्या विदूषकावर असते तसे. ऑक्टोबर १९९८ पासून तो हातात ‘मिस्टर सॉको’ नावाचा, डोळे-तोंड काढलेला मोजा घालून प्रतिस्पर्ध्याच्या तोंडात कोंबू लागला होता आणि प्रेक्षक त्यावर जीव टाकत होते. नोव्हेंबरात विजेतेपदाच्या स्पर्धेची अंतिम फेरी त्याने गाठली. तेथे मॅकमॅहनने त्याने हार मानलेली नसतानाच घंटा वाजवायला लावली आणि पट्टा ‘द रॉक’च्या हाती गेला. हे अर्थात कथेतले कपट. पण अशा माणसाला शेवटच्या क्षणी बाजूला सारले जाते, हा अनुभव प्रेक्षकांतल्या कोणाला नव्हता?

तो वादग्रस्त रॉ मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथे २९ डिसेंबर १९९८ रोजीच चित्रित झाला होता. म्हणजे निकाल सहा दिवस उघड होता. इंटरनेटवर वावरणाऱ्या चाहत्यांनी तो वाचलाही होता. शियावोनीने फोडला तो अर्धा फुटलेलाच पेपर.

लढत तशी थोर नव्हती. मॅकमॅहनच्या मुलाचा खांदा पिरगाळून फोलीने ती मिळवली होती. लढतीला बाद होण्याचा नियम नव्हता आणि रिंगभोवती दोन्ही बाजूंच्या टोळ्या उभ्या होत्या. ऐन गोंधळात काच फुटल्याचा आवाज सभागृहात घुमला. स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिनच्या आगमनाची ती खूण. त्या आवाजाला वूस्टरच्या प्रेक्षकांनी जी गर्जना केली ती आजही चित्रफितीत ऐकण्यासारखी आहे. ऑस्टिनने घडीच्या खुर्चीचा एकच तडाखा रॉकला दिला आणि फोलीला ओढून त्याच्या अंगावर टाकले. पंचाने तीन मोजले. समालोचक मायकेल कोल त्या क्षणी मॅनकाइंड हे पात्राचे नाव विसरल्यासारखा त्याला मिक फोली म्हणू लागला, आणि ज्यांना ज्यांना ‘तुला हे जमणार नाही’ असे सांगितले गेले त्या सर्वांचे स्वप्न आज पुरे झाले, अशा अर्थाचे काहीतरी बोलून गेला. डी-जनरेशन एक्सच्या मल्लांनी फोलीला खांद्यावर उचलले. पट्टा उंचावत त्याने तो विजय घरी बसलेल्या आपल्या दोन लहानग्यांना अर्पण केला.

इतका वेळ अटलांटात काय चालले होते? तेथील प्रेक्षक आले होते गोल्डबर्गसाठी. त्याच डोममध्ये सहा महिन्यांपूर्वी, ६ जुलै १९९८ रोजी, त्याने हल्क होगनला हरवून विजेतेपद मिळवले होते. डिसेंबरात केव्हिन नॅशने त्याची अपराजित मालिका मोडली आणि आज परतफेडीचा दिवस होता. प्रत्यक्षात कथेतल्या एका खोट्या आरोपावरून गोल्डबर्गला पोलिसांनी नेले आणि त्याच्या जागी होगन उतरला. होगन आणि नॅश समोरासमोर आले. होगनने तर्जनीने नॅशच्या छातीला हलकेच टोचले. जवळपास सात फुटांचा नॅश वीज कोसळल्यासारखा उताणा पडला, होगन त्याच्यावर ओणवा झाला, पंचाने तीन मोजले. दोघे उठून गळ्यात पडले; सारा बेत आधीच शिजलेला होता. जगज्जेतेपद एका बोटाने फिरले.

एकाच रात्री, एकाच देशात, दोन जगज्जेतेपदे बदलली. दोन्ही पूर्वनियोजित. अटलांटातली लढत थेट होती, तिचा निकाल कोणालाही ठाऊक नव्हता आणि तरी ती पाहून प्रेक्षकांना आपण लुबाडले गेलो असे वाटले. वूस्टरची लढत सहा दिवस शिळी होती, शेवट जाहीर झालेला होता आणि ती पाहताना लोकांचे डोळे पाणावले. आपल्याकडच्या दशावताराचा प्रेक्षक हे सहज ओळखेल. शेवटी राक्षस मरणार हे ठाऊक असूनही तो रात्रभर जागतो. पण मरताना राक्षस नीट पडला नाही, तर मात्र तो माफ करत नाही.

त्या रात्रीचे आकडे असे लागले : रॉ ५.७, नायट्रो ५.०. पुढच्या काही आठवड्यांत प्रेक्षागृहांत फलक झळकू लागले, की या खुर्चीत मी बसलो तो मिक फोलीमुळे.

येथे एक दंतकथा बाजूला करायला हवी. या एका रात्रीने डब्ल्यूसीडब्ल्यू बुडाली, असे अनेकदा लिहिले जाते. तसे नाही. पारडे १९९८च्या शरद ऋतूतच रॉकडे झुकले होते. त्या कंपनीच्या ऱ्हासामागे वाढता खर्च, ठरावीक वृद्ध ताऱ्यांची मक्तेदारी आणि मालक-कंपनीतील उदासीनता अशी अनेक कारणे होती. मार्च २००१ मध्ये मॅकमॅहननेच ती विकत घेतली. ४ जानेवारीची रात्र हे त्या आजाराचे कारण नव्हे. पण आजार त्या रात्री डोळ्यांना दिसला, एवढे खरे. ज्या माणसाचा कान आपल्या रिंगमध्ये गेला त्याची किंमत काय, हे कंपनीला तेव्हाही कळले नव्हते आणि पाच वर्षांनीही कळले नाही.

फोलीचे राज्य मात्र अल्पायुषी ठरले. वीस दिवसांनी, २४ जानेवारीला, अनाहाइम येथे रॉकशी त्याची पुन्हा गाठ पडली. अट अशी, की ‘मी हरलो’ असे तोंडाने म्हणेपर्यंत लढत संपणार नाही. निकाल याही वेळी ठरलेला होता. फोलीचे दोन्ही हात पाठीमागे बेड्यांत अडकवले गेले आणि रॉकने खुर्चीचे दहाहून अधिक घाव त्याच्या उघड्या डोक्यावर घातले. हात वर करून डोके वाचवण्याची सोय नव्हती. अखेर त्याच्या आवाजाची आधीची ध्वनिफीत वाजवून त्याने हार मानल्याचे भासवले गेले आणि पट्टा परत गेला.

ज्या दोन लहानग्यांना त्याने विजय अर्पण केला होता, ती मुले त्या रात्री आईसोबत पहिल्या रांगेत बसली होती. बाबांना काही होणार नाही, हे सारे सोंग आहे, असे त्यांना आधी समजावलेले होते. ‘बियाँड द मॅट’ या माहितीपटाचा कॅमेरा त्यांच्यावर रोखलेला होता. घाव मोजता मोजता मुले किंचाळून रडू लागली आणि लढत संपण्याआधीच आईला त्यांना उचलून बाहेर न्यावे लागले. पुढे हे चित्रण फोलीला दाखवण्यात आले. ते पाहून झाल्यावर तो म्हणाला, की आपण चांगले वडील आहोत असे आता आपल्याला फारसे वाटत नाही.