पंपावरची बीअर

इथे पेनसिल्व्हेनियात आमचा पेट्रोल पंप आहे. तिथे बीअर ठेवायची का, यावरून घरात महिनाभर धुसफूस चालू आहे. 2016 च्या कायद्याने पंपावर बीअर विकता येते. अट म्हणजे बसून खायला 30 जागा आणि बीअरचा गल्ला वेगळा. ह्यांनी खुर्च्यांचा हिशेबही मांडला. पेट्रोलवर गॅलनमागे काही सेंटच सुटतात, हे मलाही कळतं. "आपण थोडीच पिणार आहोत?" हे म्हणाले.

लायसन्स दुसऱ्या गावातून आणायचं, म्हणून टाउनशिपमध्ये सुनावणी झाली. पोलीस अधिकारी उठून शांतपणे बोलले. पंपावर येणारा प्रत्येक जण गाडी चालवत येतो आणि गाडी चालवतच जातो. रात्री काउंटरवर एकटं पोरगं. समोरच्याला 21 पूर्ण आहेत का, तो आधीच प्यायलाय का, हे त्यानेच ओळखायचं! आमच्या रात्रपाळीचा मुलगा 19 वर्षांचा. त्याला बीअर विकता येते, पिता येत नाही.

बसले होते ह्यांच्या शेजारी, पण मान त्या पोलिसांच्या बोलण्यावर हलत होती. सासूबाई रोज आलोचना करताना कृत, कारित, अनुमोदना म्हणतात. पिणं आपलं नसेल, पण कारित? आणि पंप दोघांच्या नावावर, म्हणून अर्जावर सही माझीही आहे.

रात्री ह्यांना सांगितलं, माझी सही मी काढून घेणार. हे काही बोलले नाहीत. खुर्च्यावाल्याला अजून फोन मात्र गेलेला नाही.