पाहुणीला गाव दाखवताना

मैत्रिणींनो, परगावची पाहुणी आली तर तुम्ही तिला आपलं गाव कसं दाखवाल? देऊळ, बाजार, नदीचा घाट... आणि मग? आपली गाडी इथेच अडते, नाही का?

माझ्या लेकीने नववीला पर्यटन हा व्यवसाय विषय घेतला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "फिरायला काय शिकावं लागतं गं?" पहिले काही महिने मलाही तसंच वाटे, कारण ती नुसत्या व्याख्या घोकत होती. त्या शिकण्यात जीव आला तो तिच्या शाळेची जोडी ओडिशातल्या एका शाळेशी लागल्यावर. 'एक भारत श्रेष्ठ भारत' ही योजना २०१५ साली जाहीर झाली. तिच्यात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावली गेली. तोच धागा धरून लेकीच्या बाईंनी पुरीजवळची एक शाळा गाठली. तिथल्या मुलीही हाच विषय शिकतात. आता आठवड्यातून एकदा दोन्हीकडच्या मुली पडद्यावर समोरासमोर येतात आणि मोडक्यातोडक्या हिंदीत आपापला मुलूख एकमेकींना सांगतात.

आमचं गाव वेरूळहून तासाभराच्या आत. कैलास लेण्याची माहिती लेकीला तोंडपाठ. आठवं शतक, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, एकाच कातळात वरून खाली कोरत आणलेलं मंदिर. पण तिकडच्या मुलीने विचारलं काय? "माझ्या आजीचे गुडघे दुखतात, तिला किती चढावं लागेल? जेवायला भात मिळेल का? बंद कोणत्या वारी असतं?" पुस्तकात यातलं काहीच नाही! मग रविवारी आम्ही मायलेकी वेरूळला गेलो. पायऱ्या मोजल्या, टेकायला सावली कुठे ते पाहिलं. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी, हेही वहीत टिपलं. घरी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला आधी पाट-पाणी द्यावं, हे आपण मुलींना शिकवतोच की. या विषयाचं मर्म तेच आहे.

लेकीनेही कोणार्कबद्दल विचारून घेतलं. तेराव्या शतकातलं सूर्यमंदिर, रथाची चोवीस चाकं. आणि मंडप ढासळू नये म्हणून इंग्रजांच्या काळात आत वाळू भरून दारं चिणली होती, हेही तिला त्या मुलीकडूनच कळलं. सोबत भाज्या घालून केलेल्या दालमाची कृती आली. जिरं, मोहरी, मेथी, बडीशेप आणि कलौंजी यांची फोडणी. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतला!

हिवाळ्यात तिकडच्या मुली येऊन गेल्या. आमच्याकडे दोघी उतरल्या होत्या. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर का टाकता, इथपासून त्यांची चौकशी. आता आमच्या मुलींची पाळी, आणि इथे घराघरांतून कुरकुर सुरू झाली. मुलीची जात, एवढ्या लांब, पुढे काय गाइड व्हायचंय का? आमचे हे नुसतं "बघू" म्हणाले.

"बघू" म्हणजे काय, ते तुम्हांला सांगायला नको. मी शाळेत गेले. सोबत बाई किती, उतरायचं कुणाच्या घरी, त्या घरात कोण कोण, आजारी पडली तर कोण पाहील, परतीचं आरक्षण झालंय का, सगळं विचारलं आणि लिहून घेतलं. तुमच्या मुलीवर अशी वेळ आली तर तुम्हीही हे खुशाल विचारा. भीती वाटणं चूक नाही, पण भीतीला प्रश्नांची वाट दिली की ती निम्मी होते.

तो कागद मी ह्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, दुसऱ्यांच्या लेकी आपल्या घरी विश्वासाने राहून गेल्या. आपली लेक पाठवायची वेळ आली की तेवढा विश्वास आटतो कसा? हे बराच वेळ कागद वाचत राहिले. बोलले काहीच नाहीत.

संमतिपत्रावर "पालकाची सही" एवढंच छापलेलं होतं. आईसुद्धा पालकच असते, मैत्रिणींनो. मी सही केली.