वाफसा येईपर्यंत

दसरा झाला की आजी परसात उतरायची. जालना जिल्ह्यात, बदनापूर तालुक्यातल्या आमच्या घरामागे विहिरीला लागून पाच-सहा वाफ्यांची जागा होती. पावसाळी भेंडी-गवार उपटून तिथे थंडीची मेथी, शेपू, मुळा, कोथिंबीर आणि लसूण लागायचा.

पण लगेच कुदळ मारायची नाही. आमची जमीन काळी, भारी. ओली असताना खणली तर वाळून दगडासारखी ढेकळं होतात आणि वाळू दिली तर कुदळ उसळते. मधले तीन-चार दिवस तेवढे कामाचे. आजी रोज सकाळी मूठभर माती उचलून दाबायची आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडायची. गोळा तसाच राहिला की म्हणायची, "दम धर लेकरा, वाफसा नाही आला अजून." ज्या दिवशी गोळा पडताच फुटायचा, त्या दिवशी घरातलं झाडून सगळं माणूस परसात.

उकिरड्याच्या तळाचं शेणखत निघायचं, काळं, भुसभुशीत, वास नसलेलं. घमेल्यांनी ते पसरायचं, वरंबे हातानं थापायचे. धणे पाट्यावर हलके रगडून दोन करायचे. लसणाची पाकळी टोक वर ठेवून बोटाच्या पेरभर खोल. बी घरचंच, मेथीचं राखेत घोळून गाडग्यात, भोपळ्याचं शेणात थापून भिंतीवर. पाटानं पाणी आलं की फावड्यानं दारं मोडायचं काम आम्हा पोरांचं.

आज त्याच जागेत मीटरभर रुंद, वीतभर उंच गादीवाफे आहेत, त्यावर ठिबक. रोपं रोपवाटिकेतून येतात, बी पाकिटातून. पाकिटाला मी नावं ठेवणार नाही. जालन्यातच १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी 'महिको' ही बियाणे कंपनी सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि आमचं शहर बियाण्यांचं म्हणून ओळखलं जाऊ लागलं. याचा अभिमानच आहे. ठिबकला तर नावं ठेवूच नये. २०१२ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. ते पाहिलेल्या माणसाला पाटाचं मोकळं पाणी परवडत नाही. शिवाय ऑक्टोबरचा अवकाळी आला तरी गादीवाफ्यावरच्या लसणाच्या मुळाशी पाणी साचत नाही. हे आजीलाही आवडलं असतं.

सलतं ते दुसरंच. रोटाव्हेटर भाड्याचा, तो त्याच्या पाळीनं येतो. एका वर्षी माती ओली होती. चालक म्हणाला, आज नाही तर आठ दिवस नाही. मी मान हलवली. वरची माती पिठासारखी झाली, खाली वीतभरावर घट्ट थर बसला, आणि लसणाचा गड्डा सुपारीएवढाच राहिला. गोठाही आता नाही. ट्रॉलीनं विकत घेतलेलं शेणखत अर्धंच कुजलेलं निघतं, सोबत तण आणि हुमणीही घेऊन येतं.

दोन वर्षांपासून दोन वाफे मी रोटाव्हेटरला देत नाही. त्यांना कुदळच, आणि मूठ दाबून पाहिल्यावरच.

तुमच्या घरात कुठल्या गाडग्यात, फडताळात गावरान मेथीचं किंवा लसणाचं बी अजून उरलं असेल, तर या थंडीत एक वाफा त्याला द्या. आमच्याकडचं भोपळ्याचं बी आजीबरोबरच गेलं. भिंत सारवताना कुणाच्या लक्षातच आलं नाही.