कडक भाकरीची पुडी

कोल्हापूर मागे पडलं, कागल गेलं आणि कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की पाट्या कानडी होतात. निपाणीत चहा मात्र मराठीतच मागता येतो. दर उन्हाळ्यात पुण्याहून बेळगावला आत्याकडे जायचं, हे आमच्या घरी ठरलेलं. २०१४ पासून पाटीवर 'बेळगावी' लिहिलेलं असतं, आमच्या तोंडात अजून बेळगावच.

आत्याच्या दारात पोहोचलं की आधी भाकरी थापल्याचा आवाज यायचा. विकतची भाकरी तिला कमीपणाची वाटे. "पावण्यांना बाजारची भाकरी वाढू काय?" म्हणायची.

यंदा आवाज आला नाही. तिचा खांदा धरलाय, हात वर होत नाही. माझ्या हातात पिशवी देत, नजर चुकवून म्हणाली, "कोपऱ्यावरच्या दुकानातनं भाकरी आण जा. शेंगाची चटणी पण."

दुकान साधं, किराण्याचं. तेल-साबणाच्या शेजारी ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची चवड, पापडासारखी पातळ. बाजूला तीळ लावलेल्या बाजरीच्या. मग शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची चटणी, शेंगाच्या पोळ्या, गोकाकचा करदंट. माझ्या आधीच्या बाईंनी कानडीत 'रोट्टी' मागितली, मी 'भाकरी'. दुकानदारानं दोघांनाही एकाच चवडीतून दिलं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून चाललेला सीमावाद या काउंटरपर्यंत आलेला दिसला नाही.

ही भाकरी टिकते, कारण भाजल्यावर ती मंद आचेवर पार वाळवतात. ओल उरली नाही की बुरशी धरत नाही. त्यामुळे शेतावर, प्रवासात, होस्टेलवर ती आठवडाभर सहज पुरते. दुकानदार म्हणाला, "जवळच्या गावातल्या बायका करून देतात."

घरी आत्यानं एक भाकरी मोडली. कट्‌कन आवाज आला. लोणी आणि चटणी लावून तुकडा तोंडात टाकला. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो.

"कडेला पण सारखी पातळ आहे," ती म्हणाली. "हात चांगला आहे बाईचा. कुठल्या गावची, विचारलंस काय?"

मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच माझ्याबरोबर दुकानात आली. गाव विचारलं, ज्वारी कुठली घेतात ते विचारलं, आणि दर शनिवारी दोन पुड्या ठेवायला सांगितल्या. परत येताना तिची मान ताठ होती.

निघताना तिनं माझ्या मुलीच्या हातात एक पुडी दिली. "पत्र्याच्या डब्यात ठेव. चुरा झाला तर टाकू नको, ताकात कुस्करून खा. मी केलेली नव्हं, पण मी बघून घेतलेली आहे."